समुद्राकडची रास

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये, एका शनिवारी दुपारी, ब्रीझे वेर्दिएर गावाबाहेर नुकत्याच तोडलेल्या उसाच्या शेतात इंदू आणि दामू यांचं लग्न लागलं. इंदू दहा वर्षांची होती, दामू अकरा. अंतरपाट साखरेच्या गोणीचा होता. त्याचं एक टोक माझ्या हातात होतं.

ऊसतोड पुन्हा सुरू झाली आहे. पहाटे ट्रकांचे आवाज येतात, दुपारपर्यंत रस्त्यावर सांडलेल्या कांड्या चिरडून डांबर चिकट होतं, आणि वारा वळला की कारखान्याकडून काकवीचा जड, करपट वास येतो. हा वास कपड्यांना लागतो, पावाला लागतो, राजधानीत, पोर्ट लुईच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत सकाळी टंकलेखन यंत्राचं झाकण काढलं की तिथंही असल्यासारखा वाटतो. तिथं तो नसतो, हे मी एकदोनदा नीट हुंगून पाहिलं आहे.

आमच्या बेटावर या हंगामाला क्रिओल बोलीत ‘कूप’ म्हणतात. आमच्या घरांत ‘तोड’. मुलांच्या दृष्टीने तोडीचा अर्थ एवढाच, की वर्षभर भिंतीसारखं उभं असलेलं एखादं शेत दोन दिवसांत नाहीसं होई आणि त्या जागी मैदान मिळे. मैदान फार चांगलं नव्हतं. उसाचे बुडखे तिरपे कापलेले असत, त्यांची टोकं पायाला लागत. पाचटाचा थर इतका जाड, की पळताना पाय नक्की कुठं पडतो ते कळत नसे. हंगाम संपेपर्यंत प्रत्येकाच्या घोट्यावर बारीक ओरखड्यांची जाळी झालेली असे आणि अंघोळीच्या वेळी ती झोंबे.

बाळूकाकांचं शेत आम्हाला सोयीचं होतं. बाळूकाका म्हणजे दामूचे वडील, छोटे बागायतदार. मधोमध चिंचेचं एक झाड होतं, ते त्यांच्या वडिलांनी ठेवलं म्हणून त्यांनीही ठेवलं. दोन्ही टोकांना काळ्या दगडांची एकेक रास होती. आमच्या पणजोबांच्या पिढीने जमीन साफ करताना ते दगड वेचून रचले, असं सांगतात. एक रास डोंगराच्या बाजूला, दुसरी समुद्राच्या बाजूला. समुद्र तिथून दिसत नाही. पण वारा त्या बाजूने येतो.

खेळ असा होता. आठ गडी, चार डोंगराकडचे, चार समुद्राकडचे. समोरच्याने पकडलं की त्याच्या राशीवर जाऊन उभं राहायचं. आपल्या बाजूच्या कुणी येऊन हात लावला तरच सुटका. सगळे राशीवर गेले की डाव संपला. इथवर तो कुठल्याही गावातला खेळ होता.

लग्नाचा नियम कुणी काढला, याची खात्री करता आलेली नाही. तिघांनी आपापलं नाव सांगितलं आहे. नियम मात्र सगळ्यांना सारखेच आठवतात. एकाच बाजूच्या दोघांनी लग्न केलं, की एक पकडला गेल्यास दुसऱ्याने शेतातून कुठूनही त्याचं नाव पुकारावं, पकडलेला सुटला. हात लावायला राशीपर्यंत जायची गरज नाही. हा फायदा मोठा होता. तोटाही होता: जोडीतला एक शेत सोडून घरी गेला, तर दुसराही बाद. आईने हाक मारली म्हणून जो निघाला, तो जोडीदाराचाही डाव बुडवून जाई. म्हणून लग्न करण्याआधी समोरच्याच्या घरी भात किती वाजता शिजतो, याची चौकशी होत असे.

लग्न मोडायचं झालं, तर दोघांनी चिंचेखाली पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि दोन राशींकडे चालत जायचं. मागे पाहायचं नाही. राशीवर चढून प्रत्येकाने स्वतःचं नाव ओरडायचं. ज्याचं नाव आजवर दुसऱ्याने घ्यायचं, त्याने आता ते स्वतः घेतलं, म्हणजे तो सुटला. ज्याने घेतलं नाही तो राशीवर राहिला, असा हिशोब.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी केलेले हे नियम मी नंतर अनेक कायद्यांशेजारी ठेवून पाहिले आहेत. त्यांत पळवाटा कमी होत्या.

लग्नाची मागणी इंदूने घातली. ती आमच्यात सर्वांत वेगाने पळे. तिला पकडणं हे एका डावाचं काम नव्हे. दामू जाडजूड, सावकाश, दर डावात पहिला सापडणारा. आठवणीत त्या दुपारचं बोलणं असं राहिलं आहे:

“दामू, माज्याशी लगीन करतंस?”

“कशाला?”

“तू सारखा राशीवर. तुला सोडवायला तितवर धावून माजे पाय दुकतात.”

“आनि मी काय करू?”

“तू पकडला जा. बाकी मी बगते.”

दामूने थोडा विचार केला. “भात आमच्याकडं सहाला,” तो म्हणाला.

“आमच्याकडं बी,” इंदू म्हणाली. ठरलं.

इतर जोड्यांची लग्नं दोन मिनिटांत उरकली होती. टाळी दिली, बाकीच्यांनी क्रिओलमध्ये “मारये! मारये!”, म्हणजे लागलं लग्न, असा गलका केला, झालं. या लग्नाला विधी झाला, याचं कारण देवळामागची शाळा. शनिवारी सकाळी तिथं पत्र्याच्या खोलीत मराठीचा वर्ग भरे. गुरुजी शिकवत. ते भाजीचा मळा करत आणि उरलेल्या वेळात पंचक्रोशीतल्या मराठी घरांतली लग्नं, बारशी, तेरावी पार पाडत. त्या वर्षी देवळाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी आमच्याकडून एक मंगलाष्टक पाठ करून घ्यायला घेतलं होतं. आम्ही घरात मराठी ऐकत होतो आणि क्रिओलमध्ये उत्तर देत होतो. संस्कृत वळणाचं ते जोडाक्षरांचं ओझं आमच्या जिभेला पेलत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, लग्न लावूनच पाठ करू या.

इंदूने घरून मूठभर तांदूळ आणि हळद आणली. गोणी कारखान्याच्या शिक्क्याची होती. तिच्यातून साखरेचा बारीक भुगा वाऱ्यावर उडत होता आणि ओठांना लागत होता. आमच्यातल्या एकाने अष्टक सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीत तो अडकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच.

गुरुजी रस्त्याने सायकलवरून चालले होते. त्यांनी ते ऐकलं. सायकल उसाच्या बांधाला टेकवली, धोतर सावरत बुडखे चुकवत आत आले.

“असं न्हवं. जीभ वर लाव. म्हन.”

त्याने म्हटलं. चुकलं. दुसऱ्याने म्हटलं. तेही चुकलं. मग गुरुजींनी डोळे मिटले आणि स्वतः म्हटलं. एक संपल्यावर ते थांबले नाहीत. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. आठही म्हटली, भर आवाजात, देवळात म्हणतात तशी. प्रत्येकाच्या शेवटी ‘शुभमंगल सावधान’ आलं की आम्ही तांदूळ टाकत होतो. टाकायचे असतात एवढं ठाऊक होतं. आठव्यानंतर त्यांनी हाताने गोणी बाजूला केली, दोघांना एकमेकांसमोर घेतलं, डोळे उघडले.

“असं म्हनायचं. समजलं काय?”

“होय गुरुजी.”

ते सायकलवर बसून गेले. त्यांच्या कपाळावर दोन-चार पिवळे दाणे चिकटलेले होते.

त्या हंगामात इंदू-दामूची समुद्राकडची बाजू बहुतेक डाव जिंकली. दामू राशीवर उभा राही, कमरेवर हात, कधी कधी दगडावर बसून उसाचं कांडं सोलत. आणि शेताच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून, पळता पळता, मागे न बघता, इंदूची हाक येई: “दामूऽ!” तो उतरे. अर्ध्या डावात पुन्हा चढे. त्या आवाजाची उंची मला अजून सांगता येईल. पाचटावर ऊन पडून जो कोरडा गोड वास येतो, त्याच्यासोबत ती हाक येते. दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. नोव्हेंबरअखेर सगळी शेतं मोकळी झाली, खोडव्याला नवे कोंब आले, खेळ बंद झाला. पुढच्या वर्षीच्या चक्रीवादळात शाळेचे पत्रे उडाले. त्यानंतरच्या तोडीला आमच्यातले काही माध्यमिक शाळेत गेले होते आणि पळायला लाजत होते. इंदू-दामूने लग्न मोडलं नाही. मोडायचं कुणाला सुचलं नाही.

१९८५ च्या एप्रिलमध्ये इंदूचं लग्न ठरलं. ती तेव्हा विणकामाच्या कारखान्यात स्वेटरच्या बाह्या जोडत होती. मुलगा लॉंग माउंटन गावचा, प्राथमिक शिक्षक. दोघं आधी एकमेकांना भेटली होती, बसथांब्यावर, आणि हे लग्न व्हावं अशी इंदूची स्वतःची इच्छा होती. ही गोष्ट पुढच्या सगळ्यात महत्त्वाची आहे. मे महिन्यातला शेवटचा रविवार ठरला. इंदूचे बाबा गुरुजींकडे गेले.

गुरुजींनी चहा दिला, पंचांग उघडलं, मिटलं.

“मला नाय जमनार.”

“तब्येत?”

“तब्येत बरी हाय. हिचं लगीन मी एकदा लावलंय.”

इंदूच्या बाबांना आठवेना. गुरुजींनी शेत सांगितलं, गोणी सांगितली, मुलाचं नाव सांगितलं.

“अवो गुरुजी, तो पोरांचा खेळ व्हता!”

“खेळ त्यांचा. मंत्र माजे. आठच्या आठ म्हटले. एक गाळला न्हाय.”

“मग तवा का म्हटलात?”

गुरुजींनी पंचांग फडक्यात बांधलं, असं इंदूचे बाबा सांगत. मग म्हणाले, “पोरं मराठी म्हनत व्हती. मला राहवलं न्हाय.”

दुसऱ्या गावाहून दुसरा कुणी आणता आला असता. पण गुरुजींनी नकार दिला हे लॉंग माउंटनला बसच्या आधी पोचलं असतं, आणि कारण विचारल्यावर सांगायचं काय? मुलीचं आधी लग्न झालं आहे? मुलाची आई कडक होती. इंदू दोन दिवस कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. वर्तमानपत्रात लागून मला तेव्हा वर्ष झालं होतं.

“तू लिवतंस ना पेपरात? मग नियम लिवून दे. जसेच्या तसे.”

लग्नाच्या नियमांचा तो कागद घेऊन आम्ही गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. प्रश्न विचारले: राशीवर चढताना पाय घसरला तर? आवाज ऐकू आला नाही तर? एकदाही हसले नाहीत. शेवटी म्हणाले, “खेळात लागलं. खेळात मोडा. मग माजी ना न्हाय.”

अडचण निराळीच निघाली. मे महिना होता. बाळूकाकांच्या शेतात ऊस डोक्याच्या वर उभा होता, तुरे फुटले होते. तोड जुलैशिवाय नाही. चिंच रस्त्यावरून शेंड्यापुरती दिसत होती. राशी दिसतच नव्हत्या.

“हिरवा ऊस तोडू?” बाळूकाका ओट्यावरून म्हणाले. “कारखाना उघडला न्हाय. कोन घेनार? गुरुजी घेनार?”

दामू तिथंच होता. बावीस वर्षांचा, बापाबरोबर शेत करणारा. दुसऱ्या सकाळी तो कोयता घेऊन शेतात शिरला. समुद्राकडच्या राशीपासून चिंचेपर्यंत आणि चिंचेपासून डोंगराकडच्या राशीपर्यंत, दोन हात रुंदीची वाट पाडायला त्याला दोन दिवस लागले. कच्चा ऊस कापताना पिकल्या उसासारखा कट्ट आवाज येत नाही. ओला, दबका येतो. पाती गाईंना गेली, कांडीही गाईंना गेली. रस्त्याने जाणाऱ्या त्याच्या मावशीने हाक दिली:

“आयो मामा, आई गं! ए दामू, बायको सोडायला कोयता लागतो व्हय रे?”

तो हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी घेऊन गेलो तेव्हा त्याने विचारलं, “हे नियम केले कुनी?”

“आपणच.”

“जरा सोपे करायचे व्हते.” आणि पुन्हा वाकला.

मुलं खेळात लग्न का करतात, याची उत्तरं तयार असतात: मोठ्यांची नक्कल, वगैरे. आमच्याबाबतीत ते खरं वाटत नाही. मोठ्यांच्या लग्नात असा नियम आम्ही पाहिला नव्हता, की दुरून नाव घेतलं की माणूस मोकळा होतो. आमच्या आया नवऱ्याचं नावच घेत नसत.

लग्न मोडलं गेलं तो ठरल्या तारखेच्या आधीचा रविवार होता, सकाळी आठची वेळ. रात्री सर पडून गेली होती, वाट ओली होती, दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती आणि वर तुऱ्यांची राखाडी-गुलाबी झालर. जुन्या आठांपैकी पाच जण हजर होते. एक जण इंग्लंडला परिचारकाचं शिक्षण घेत होता, दोघं कामावर. गुरुजी चिंचेखाली स्टुलावर बसले, मांडीवर वही. इंदूचे बाबा उभे. बाळूकाका आले नाहीत.

इंदू आणि दामू पाठीला पाठ लावून उभी राहिली. इंदूने चपला काढून हातात घेतल्या होत्या.

“घाबरू नको,” दामू म्हणाला. कुणाला, ते स्पष्ट झालं नाही. त्याचं तोंड समुद्राकडे होतं.

“तू ओरडशील ना नीट?” इंदूने विचारलं.

“ओरडेन.”

गुरुजींनी मान हलवली. दोघं चालू लागली. अंतर फार नाही, पण अरुंद वाटेत माणूस लवकर लहान होत जातो. दोघांपैकी कुणीही मागे पाहिलं नाही. इंदू आधी पोचली. तिला नेहमीच वेग होता. ती राशीवर चढली, तोल सावरला आणि ओरडली:

“इंदूऽ!”

गुरुजींनी वहीत खूण केली. सगळ्यांनी माना समुद्राकडे वळवल्या. दामू राशीवर चढलेला दिसत होता, आमच्याकडे पाठ. पाती एकमेकांवर घासत होती. इंदूच्या बाबांनी घसा खाकरला. थोडा वेळ गेला. घड्याळ पाहिलेलं नाही.

मग हाक आली. आवाज मोठा होता, स्वच्छ होता, वाऱ्याबरोबर आला.

“इंदूऽ!”

इंदूच्या बाबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी वहीची पानं मागे उलटली, बोट ठेवून एक ओळ वाचली, पुन्हा वाचली.

“जोडीदारानं कुटूनबी नाव पुकारलं की सुटका,” ते म्हणाले. “मुलगी दोनदा सुटली. एकदा सोताच्या तोंडानं, एकदा त्याच्या. लगीन येत्या रविवारी.”

“आनि दामू?” आमच्यातल्या कुणीतरी विचारलं.

गुरुजींनी वही मिटली. “तो मुलीकडचा प्रश्न न्हाय.”

दामू वाटेने परत आला. त्याला विचारलं, तू तुझं नाव का घेतलं नाहीस? “चुकून,” तो म्हणाला. “सवय.” खेळाच्या दिवसांत इंदू सहसा पकडली जात नसे. तिचं नाव पुकारण्याची वेळ त्याच्यावर किती वेळा आली असेल, ते आम्हा आठही जणांना ठाऊक आहे. इंदूने त्याच्याकडे एकदा पाहिलं, चपला खाली टाकल्या, पायांत घातल्या आणि बाबांबरोबर घरी गेली.

ठरल्या रविवारी लग्न झालं. गुरुजींनी आठही मंगलाष्टकं म्हटली. अंतरपाट पांढऱ्या मलमलीचा होता, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. दामू केळीच्या पानांवर भात वाढत होता. मुलाच्या आईने दोनदा भात मागून घेतला आणि हा मुलगा कोण, म्हणून विचारलं. “शेजारचा,” तिला सांगण्यात आलं.

जुलैत कारखाना उघडला तेव्हा त्या वाटेवरचा खोडवा गुडघ्याएवढा झाला होता आणि शेजारचा ऊस तोडीला आला होता. एकाच शेतात दोन वयांचा ऊस. पुढची दोन वर्षं तो फरक रस्त्यावरून दिसे; नवख्या माणसाला वाटे, मधून पाण्याचा पाट जात असावा. बाळूकाकांनी त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. गुरुजींनी वर्गात मंगलाष्टकं शिकवणं थांबवलं होतं. आता ते शनिवारी फक्त बाराखडी आणि पाढे घेतात, असं कळतं. वर्गाला मुलं कमी येतात.

दामूचं लग्न झालेलं नाही. त्याची कारणं गावात तीन-चार सांगितली जातात: बाळूकाकांचं आजारपण, शेत, त्याचा स्वभाव. कोणत्याही कारणाला दुजोरा मिळालेला नाही.

यंदा, १९८८ च्या ऑगस्टमध्ये, बाळूकाकांच्या शेताची तोड सोमवारी सुरू झाली आणि मंगळवारी दुपारी संपली. वाटेवरचा ऊस आता बाकीच्या उसाइतकाच उंच होता. फरक राहिला नव्हता. शेवटचा ट्रक भरून गेल्यावर तोडणारे घरी गेले. चिंच एकटी उभी राहिली, दोन्ही राशी उघड्या झाल्या, आणि पाचटाचा तो कोरडा गोड वास रस्त्यापर्यंत आला. मी सुट्टीवर होतो, देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. तिथून शेत दिसतं.

दामू समुद्राकडच्या राशीवर बसला होता. कोयता शेजारी टेकवलेला. बाटलीतून पाणी पीत होता.

साडेतीनच्या बसने इंदू उतरली. गणपतीआधी ती माहेरी येते. एका हातात पिशवी होती, कडेवर दीड वर्षांची मुलगी. ती रस्त्याने घराकडे चालली होती. बाळूकाकांच्या शेतासमोर तिची चाल मंदावली. तिने पिशवी खाली ठेवली, मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि शेताकडे तोंड करून हाक मारली.

“दामूऽ!”

तिला काय सांगायचं होतं, ते समजलं नाही. तिने पिशवी उचलली आणि चालू लागली.

दामूने बाटलीचं बूच लावलं. मग तो राशीवरून उतरला.